जेलच्या फाटकाजवळ मोबाईल काढताना

ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहातला एक फोटो देशभर फिरला. खुनाच्या खटल्यातला आरोपी, कन्नड अभिनेता दर्शन, जेलच्या हिरवळीवर खुर्ची टाकून निवांत बसला होता. एका हातात मग, दुसऱ्या हातात सिगारेट, सोबतीला इतर बंदी, म्हणजे कैदी. लगेच अधिकारी-कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले आणि दर्शनची रवानगी बळ्ळारीच्या जेलमध्ये झाली. चर्चा झाली ती खुर्चीची आणि सिगारेटची. ज्याने तो फोटो काढला त्यानेही नियम मोडलाच होता, हे फार कमी जणांच्या ध्यानात आलं. आणि त्याने तो मोडला नसता, तर बाकीचं काहीच बाहेर आलं नसतं.

असे फोटो वरचेवर बातम्यांत येतात. पण जेलजवळ कॅमेरा काढण्याचा प्रश्न नटांपुरता आणि गुंडांपुरता नाही. मुलाखतीला, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला आलेले नातेवाईक फाटकासमोर ताटकळत असताना सेल्फी काढतात. ठेकेदाराचा इलेक्ट्रिशियन झालेल्या कामाचा पुरावा म्हणून पॅनेलचा फोटो मालकाला पाठवतो. नवा भरती झालेला शिपाई पहिल्या दिवशी गणवेशात उभा राहतो आणि आईला फोटो धाडतो. यातलं काय चालतं, काय चालत नाही आणि कशामुळे, हे फाटकावरच्या ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ या पाटीवरून कळत नाही.

कळत नाही, कारण त्या एका पाटीखाली तीन वेगवेगळ्या मनाया राहतात. एक भिंतीच्या सुरक्षिततेसाठी, दुसरी आतल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी आणि तिसरी प्रशासनाची अडचण होऊ नये म्हणून. पहिल्या दोन भक्कम आहेत. तिसरीला कायद्याचा फारसा आधार नाही, ती पहिल्या दोघींच्या आडोशाने निभावून जाते.

जेल नेमका कुठून सुरू होतो?

बहुतेकांना वाटतं, उंच भिंत लागली की जेल सुरू झाला. कायदा तसं मानत नाही. आपल्याकडच्या कारागृहांचा मूळ कायदा १८९४ चा. त्यात कारागृहाची व्याख्या करताना बंदी ठेवण्याची जागा आणि ‘तिच्याशी संलग्न असलेल्या सर्व जमिनी व इमारती’ असं म्हटलं आहे. म्हणजे जेलची शेती, कारखाना, गोदाम, फाटकाच्या अलीकडचं आवार, हे सगळं त्या व्याख्येत येऊ शकतं.

खुल्या कारागृहांत याचा खरा प्रत्यय येतो. पैठणला किंवा येरवड्याच्या खुल्या कारागृहात शिक्षा भोगणारे बंदी शेतात काम करतात. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानाने १९३९ मध्येच भिंतीविना वसाहत उभारली होती. अशा ठिकाणी रस्त्याने जाणाऱ्याला समोर दिसतं ते साधं शेत आणि शेतात राबणारी माणसं. गाडी थांबवून कुणी फोटो काढला, तर आपण कारागृहात शिरलो असं त्याला वाटणारच नाही. तो बांध ओलांडून आत गेला असेल तर कायद्याच्या दृष्टीने मात्र शिरलेला असतो.

आता गंमत अशी की, १८९४ च्या कायद्यात ‘फोटो’ हा शब्दच नाही. तेव्हा कॅमेरा म्हणजे बहुतेकदा तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी. ती कुणी लपवून आत नेणार नव्हतं. कायद्याने वेगळी वाट धरली. त्यात ‘निषिद्ध वस्तू’ अशी कल्पना आहे, म्हणजे राज्य सरकारच्या नियमांनी जी वस्तू जेलमध्ये न्यायला किंवा जेलबाहेर आणायला बंदी आहे ती. कलम ४२ सांगतं की अशी वस्तू आत नेणं, बाहेर काढणं, बंद्याला पुरवणं आणि नियम मोडून बंद्याशी संपर्क साधणं हा गुन्हा. कॅमेरा आणि मोबाईल या वाटेने कचाट्यात येतात. भारतात म्हणून आधी उपकरण पकडलं जातं, फोटोचा विचार नंतर होतो. फोटो न काढताही नुसता खिशातला मोबाईल तुम्हाला अडचणीत आणू शकतो तो यामुळेच.

शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपये वाचून हसू येईल, पण १८९४ मध्ये ती भली मोठी रक्कम होती. आकडा गोठला, जग पुढे गेलं. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये राज्यांसाठी नवा आदर्श कारागृह कायदा तयार केला. त्यात जेलमधल्या मोबाईलबद्दल कर्मचारी आणि बंदी दोघांनाही शिक्षेची तरतूद आहे. राज्यं आपापले कायदे त्या धर्तीवर बदलू लागली आहेत. म्हणजे दोनशे रुपयांच्या भरवशावर कुणी राहू नये.

इंग्लंडने मात्र थेट शब्दांत लिहून ठेवलं आहे. तिथल्या १९५२ च्या तुरुंग कायद्यात नंतर घातलेल्या कलम ४०-डी नुसार परवानगीशिवाय तुरुंगात फोटो काढणं किंवा आवाज ध्वनिमुद्रित करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या जुन्या कायद्यापेक्षा ते कडक आहे, पण निदान स्पष्ट आहे.

जुन्या कायद्यातलं एक कलम मला विशेष आवडतं. कलम ४४ म्हणतं की कलम ४२ खाली काय निषिद्ध आहे आणि त्याला काय शिक्षा आहे, याची सूचना अधीक्षकाने कारागृहाबाहेर ठळक जागी, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावली पाहिजे. इंग्रज सरकारलासुद्धा वाटत होतं की नियम आधी वाचता यावा, मग पकडावं. ‘सक्त मनाई’ एवढ्या दोन शब्दांत ते भागत नाही.

एका फोटोने असं काय बिघडतं?

बर्लिनच्या तुरुंग खात्याचा हायडरिंग नावाचा एक तुरुंग आहे. तिथे मार्च २०२१ मध्ये एका प्रशिक्षणार्थीने तुरुंगाच्या किल्लीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना पाठवला. मी कुठे कामाला लागलोय बघा, एवढाच त्याचा हेतू असावा. पण ती साधी किल्ली नव्हती, अनेक दारांना चालणारी किल्ली होती. तुरुंगाला सहाशेच्या आसपास कुलपं बदलावी लागली. खर्चाचा अंदाज पन्नास हजार युरोपर्यंतचा होता. प्रशिक्षणार्थीची नोकरी अर्थातच गेली.

फोटोवरून किल्ली बनते? बनते. किल्लीत महत्त्वाचे असतात तिचे दाते, आणि प्रत्येक दात्याची खोली ठरावीक मापांपैकीच एक असते. त्या खोल्या ओळखल्या की मूळ किल्ली हातात असायची गरज उरत नाही. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी इमारतीच्या गच्चीवरून, साठेक मीटरवरच्या टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो घेऊन संगणकाच्या मदतीने त्यांची नक्कल करून दाखवली होती. आजच्या मोबाईलचे कॅमेरे तेव्हापेक्षा किती पुढे गेले आहेत, हे सांगायला नको. म्हणून कमरेला जुडगा लावलेल्या शिपायाचा साधा हसरा फोटोसुद्धा जेलच्या दृष्टीने साधा नसतो.

किल्ली हे ढळढळीत उदाहरण झालं. बाकीची माहिती त्याहून बारीक असते. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला भिंतीचा कोणता भाग दिसत नाही. सीसीटीव्हीचं तोंड कुठे आहे. मोबाईल जॅमर कोणत्या बाजूला आहे. मुख्य दरवाजा आणि आतला दरवाजा यांच्या मधल्या जागेत झडती कुठे होते, भाजीची गाडी किती वाजता येते, ती नीट तपासली जाते की चालकाला ओळखून सोडतात. रमीच्या डावात तुमचं एकच पान समोरच्याला दिसलं तर फारसं बिघडत नाही. पण दर डावाला एकेक पान दिसत गेलं, की शेवटी तो तुमचा हात पाठ म्हणून दाखवतो. जेलबाहेरच्या वेगवेगळ्या माणसांच्या निरागस फोटोंचं तसंच होतं. कुठल्याही एका फोटोत गुपित नसतं, आणि फोटो काढणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणंही तेच असतं.

‘पण गूगलवर तर अख्खा जेल दिसतो!’

दिसतो. येरवड्याच्या बराकींची मांडणी उपग्रहाच्या चित्रात कुणीही पाहावी. मग जमिनीवरून काढलेल्या फोटोला एवढं का घाबरायचं?

उपग्रहाचं चित्र छप्पर दाखवतं आणि ते जुनं असतं. दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, कुलूप कोणत्या बनावटीचं आहे, आज पहाऱ्यावर किती माणसं आहेत, हे त्यात नसतं. धोका असतो तो ताज्या आणि माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या माहितीचा. महाराष्ट्रात कारागृहांभोवतीच्या बांधकामावर अंतराचे आणि उंचीचे निर्बंध असतात त्यामागेही हेच कारण. आर्थर रोडसारखा जेल मुंबईच्या मध्यात, टॉवरांच्या गराड्यात सापडतो, तेव्हा खिडकी हीसुद्धा सुरक्षेची बाब होऊन बसते.

तरीही हा आक्षेप पूर्ण फेटाळून लावण्यासारखा नाही. फाटकाचा दर्शनी भाग वर्तमानपत्रांत पन्नास वेळा छापून आलेला असतो. बड्या आसामीला जामीन मिळाला की वाहिन्यांचे कॅमेरे त्याच फाटकासमोर तासन्‌तास उभे असतात आणि कुणी त्यांना हटकत नाही. तिथेच सुनेबरोबर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातातून मोबाईल हिसकावला जातो, तेव्हा सुरक्षा हे कारण पटत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे

भिंतीची गोष्ट बाजूला ठेवू. जेलमधल्या माणसाचा फोटो काढण्यावर बंदी का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते, आणि त्यांतले ७५.८ टक्के न्यायाधीन बंदी होते. न्यायाधीन, म्हणजे बोलीत कच्चे कैदी, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नाही. उद्या त्यांतले काही निर्दोष सुटतील, गावी जातील, काम मागतील. बराकीतला फोटो त्यांच्याआधी गावात पोहोचलेला असेल.

दुसरं कारण थेट खटल्याशी जोडलेलं आहे. गुन्हा पाहणाऱ्या साक्षीदाराला आरोपी ओळखता येतो का, हे तपासण्यासाठी ओळख परेड घेतात. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर माणसांच्या रांगेत उभं करतात. ही परेड बहुधा कारागृहातच होते. साक्षीदाराने आरोपीचा चेहरा आधीच मोबाईलवर पाहिला असेल तर परेडला काही अर्थ राहत नाही, आणि बचावाचा वकील नेमकं तेच विचारतो: तुम्ही माणसाला ओळखलंत की फोटोला? पोलीस आरोपीला कोर्टात आणताना चेहऱ्यावर काळं कापड टाकतात ते त्याची लाज राखायला नव्हे, ओळख परेड वाचवायला. एखाद्याने हौसेने काढलेल्या फोटोमुळे खऱ्या गुन्हेगाराच्या सुटकेची वाट मोकळी होऊ शकते.

विरोधाभास असा की, बंद्याचा फोटो काढण्याचा सरकारला मात्र भरपूर अधिकार आहे. ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली फोटो, बोटांचे व तळव्यांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद वगैरे घेता येते आणि त्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. त्याच बंद्याला आपल्या मुलीसोबत एक फोटो काढून घ्यायचा असेल तर मात्र अधीक्षकाची मेहेरबानी लागते.

महाराष्ट्रात कारागृहं ‘गळाभेट’ नावाचा कार्यक्रम घेतात. एरवी जाळीआडून किंवा काचेपलीकडून दिसणारे आईबाप त्या दिवशी मुलांना जवळ घेऊ शकतात. कार्यक्रम चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, ते खात्याच्या परवानगीनेच. पण त्या फोटोतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कुणी विचारलेलं असतं का? त्याच्या वर्गातल्या मुलांना वडील कुठे आहेत हे कदाचित ठाऊक नसेल. जेलमध्ये संमतीचा अर्थही जरा पातळच होतो. ज्याच्या हातात तुमची मुलाखत, कँटीन आणि रजेचा अर्ज आहे, त्याने ‘फोटो चालेल ना?’ विचारल्यावर नाही म्हणणारा बंदी विरळाच. मूल समोरून ओळखू येणार नाही असा फोटो घेणं अवघड नाही. नियमाने ते सक्तीचं करायला हवं असं माझं मत आहे.

तिथे नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, कारण कर्मचाऱ्यासाठी जेल हे रोजचं ऑफिस. बाकी लोक ऑफिसात वाढदिवसाचा केक कापतात, निरोपसमारंभाचे फोटो स्टेटसला ठेवतात. शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी यांनाही तसंच वाटणार. त्यात अनेकांचं घर जेलच्या आवारातल्या वसाहतीत असतं. मुलीच्या हळदीचा मांडव दारात घातला तर फोटोत मागे मनोरा येणारच.

कारागृहाच्या कर्मचाऱ्यावर तीन थरांचे नियम लागू असतात. पहिला कारागृह कायद्याचा. निषिद्ध वस्तू आत येऊ देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ४२ लागू होतं, आणि नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी कलम ५४ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दुसरा थर राज्य सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांचा, ज्यांत परवानगीशिवाय सरकारी माहिती बाहेर देण्याला बंदी आहे. तिसरा अगदी ताजा. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांबद्दल शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा आणि वैयक्तिक खात्यावर फोटो, रील, व्हिडिओ टाकताना बोधचिन्ह, गणवेश, सरकारी वाहन, सरकारी इमारत यांचा वापर टाळा, असं तो सांगतो. स्वतःच्या प्रोफाईलचा फोटो तेवढा अपवाद.

हा निर्णय सगळ्या खात्यांना लागू आहे. म्हणजे फाटकासमोर गणवेशात काढलेला फोटो जेलच्या सुरक्षेला धक्का लावत नसला, तरी तो तुमच्या इन्स्टाग्रामवर गेला की खातं जाब विचारू शकतं. पहिल्या दिवशीचा फोटो आईला पाठवणाऱ्या त्या शिपायाबद्दल बोलायचं तर, फोटो आत काढला असेल तर प्रकरण गंभीर आहे. बाहेर काढून फक्त घरी पाठवला असेल तर मला त्यात दोष दिसत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फक्त घरी’ असं काही नसतं, हायडरिंगच्या पोराने ते सिद्ध केलंच आहे.

ठेकेदाराची माणसं, बाहेरून येणारे डॉक्टर, शिकवायला येणारे शिक्षक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यावर वर्तणूक नियम लागू नाहीत, कारागृहाचा कायदा मात्र पुरेपूर आहे. फाटकावर मोबाईल जमा करायला सांगतात तेव्हा हुज्जत घालू नये, आणि ‘साहेबांनी ओळखलंय, राहू दे’ म्हणून कुणी आत नेऊ दिला तरी नेऊ नये. उद्या आतल्या कुणाजवळ सिमकार्ड सापडलं की चौकशीत त्या दिवशी आत आलेल्या सगळ्यांची नावं निघतात.

कामासाठी फोटो खरंच हवा असेल, म्हणजे गळक्या छताचा, जळलेल्या पॅनेलचा, कारखान्यात बसवलेल्या यंत्राचा, तर सरळ वाट ही: अधीक्षकांना आधी लेखी पत्र द्या, त्यात कशाचा फोटो, किती आणि कशासाठी ते लिहा. इंटरनेट नसलेला कॅमेरा न्या, किंवा त्यांच्याच माणसाला काढायला सांगा. चौकटीत बंदी, किल्ल्या आणि दरवाजे नकोत, आणि बाहेर पडण्याआधी फोटो दाखवून घ्या. परवानगी तोंडी मिळाली तर ती नाही असं समजा. अधीक्षक बदलून जातात, त्यांचं तोंडी बोलणंही त्यांच्यासोबत जातं.

हौशी पाहुण्यांसाठी येरवड्याने याचंच एक रूप काढलं होतं. २६ जानेवारी २०२१ ला तिथे जेल पर्यटन सुरू झालं, तिकीट शाळकरी मुलांना पाच रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा, इतरांना पन्नास. ज्या आंब्याच्या झाडाखाली सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला ती जागा, गांधी यार्ड, टिळक यार्ड पाहता येणार होतं. फक्त मोबाईल आणि कॅमेरा बाहेर ठेवून.

रस्त्यावरून काढला तर?

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून समोर दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढणं भारतात सरसकट गुन्हा नाही. जेलच्या बाबतीतही, तुम्ही त्याच्या हद्दीबाहेर असाल आणि पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा त्या भागापुरता मनाईचा आदेश नसेल, तर नुसत्या फोटोसाठी कुठलं कलम लावायचं हे पोलिसालाही पटकन सांगता येणार नाही.

तेव्हा हमखास एक नाव काढलं जातं: ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट, म्हणजे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. ऐकूनच घाम फुटतो. पण तो कायदा ‘प्रतिबंधित जागे’बद्दल बोलतो, आणि कोणती जागा प्रतिबंधित हे त्याच्या व्याख्येत दिलेलं आहे: लष्करी ठाणी, शस्त्रांचे कारखाने, आणि सरकारने तसं जाहीर केलेली ठिकाणं. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल एकावर हा कायदा लावला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला आणि पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसत नाही असं स्पष्ट केलं. निकाल पोलीस ठाण्याबद्दल आहे, जेलबद्दल नाही. तरी त्यातली तपासण्याची पद्धत जेललाही लावता येते: व्याख्येत नाव किंवा अधिसूचना दाखवा, मग कलम लावा.

अडवलं तर काय? नाव-पत्ता विचारला तर द्यावा. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली मोबाईल जप्त करू शकतात, पण त्याची नोंद आणि दंडाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं दृकश्राव्य चित्रण पोलिसांनीच करायचं आहे. म्हणजे फोटो काढला म्हणून मोबाईल घ्यायचा, तर घेतानाचा व्हिडिओ काढायलाच हवा! आणि रस्त्यावर दटावून ‘डिलीट कर’ म्हणणं दोन्ही बाजूंनी लंगडं आहे. फोटो गुन्हा असेल तर तो पुरावा, पुसून टाकता येत नाही. गुन्हा नसेल तर पुसायला सांगायचा अधिकार नाही. हे सगळं खरं असलं तरी, फाटकावरच्या शिपायाशी कलमांवरून वाद घालण्यात आतल्या आपल्या माणसाची त्या दिवशीची मुलाखत बुडेल, हेही तितकंच खरं.

ड्रोनचं गणित मात्र निराळं. तो रस्त्यावरून उडाला तरी पाहतो भिंतीच्या आत, आणि फोटोबरोबर गांजाची पुडी किंवा मोबाईलही टाकू शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २०२४ पासून बंद तुरुंगांच्या चारशे मीटर परिसरात ड्रोन उडवायला बंदी आहे ती त्यामुळेच. येरवड्याजवळ तर लोहगावचा विमानतळ आहे, त्यामुळे तिथे जेलचा विचार करायच्या आधीच हवाई नियम आडवे येतात.

मग आतलं बाहेर कसं यायचं?

सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. फोटोच नको म्हटलं तर मारहाण, गर्दी, सडकं अन्न, पैसेवाल्यांची बडदास्त, हे कुणाला कसं कळणार?

महाराष्ट्राचं यातलं प्रकरण देशभर दाखला म्हणून दिलं जातं. पत्रकार शीला बारसे यांना मे १९८२ मध्ये स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेण्याची परवानगी मिळाली. मुंबई मध्यवर्ती कारागृहात त्यांनी पंधरा स्त्रियांशी बोलणं केलं आणि त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्या माहितीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्देश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी हवी, तिथे पहाऱ्याला स्त्री पोलीस हवी, चौकशी स्त्री पोलिसांसमोरच व्हावी. दरम्यान बारसे मुलाखती टेपवर घेऊ लागल्या, तसा खात्याने आक्षेप घेतला आणि परवानगीच काढून घेतली. त्यावरचा निकाल १९८७ चा. पत्रकाराला आत जाऊन बंद्यांना भेटू द्यावं, पण बेलगाम नाही, बंद्याच्या इच्छेविरुद्ध नाही, आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगळी परवानगी हवी, असा त्याचा सारांश. यंत्र बदललं आहे, टेपच्या जागी मोबाईल आला. तत्त्व तेच चालू आहे.

२०१५ मध्ये तिहारमधल्या एका शिक्षा झालेल्या बंद्याच्या मुलाखतीवरून वादळ उठलं आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैत राज्यांना मार्गदर्शक सूचना धाडल्या. पत्रकार, संशोधक, संस्था यांना शक्यतो आत सोडू नये. सोडलं तर एक लाख रुपये अनामत घ्यावी, चित्रण अधीक्षकाने तपासावं, आक्षेपार्ह भाग काढावा आणि प्रसारणाआधी ना हरकत घ्यावी. भिंत आणि चेहरा यांच्या रक्षणासाठी चित्रण तपासणं समजू शकतं. पण आक्षेपार्ह काय, हे ज्याच्या कारभाराचं चित्रण आहे त्यानेच ठरवायचं? आणि एक लाख अनामत? ती वाहिनीला परवडते, जिल्ह्याच्या गावातल्या वार्ताहराला नाही. सुरुवातीला म्हटलेली तिसरी मनाई ती ही.

परप्पन अग्रहारच्या त्या फोटोकडे आता पाहा. त्यात किल्ली नव्हती, कुलूप नव्हतं. होती ती कारभाराची लाज. तरीही ‘फोटो निघाला ते बरंच झालं’ एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण जो मोबाईल ते दृश्य टिपू शकतो तोच साक्षीदाराला धमकी देऊ शकतो, खंडणी मागू शकतो. आतला चोरटा मोबाईल हा पारदर्शकतेचा मार्ग होऊ शकत नाही. तो मार्ग म्हणून वापरावा लागतो, कारण अधिकृत मार्ग अरुंद ठेवलेले आहेत.

ते मार्ग आहेत, फक्त लोकांना ठाऊक नसतात. प्रत्येक कारागृहासाठी अभ्यागत मंडळ असावं असं नियमात आहे. त्यात न्यायाधीश आणि सरकारी अधिकाऱ्यांसोबत अशासकीय सदस्यही असतात, आणि त्यांना आत जाऊन पाहण्याचा, बंद्यांशी बोलण्याचा, शेरे लिहिण्याचा अधिकार असतो. माहितीच्या अधिकारात ते शेरे मागता येतात. सुरक्षेचा मजकूर असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचा द्यावा लागतो, अख्खा कागद नाकारता येत नाही.

आणि कॅमेरा तर आत आहेच, सरकारचाच. आपल्या माणसाला आत मारहाण झाल्याचं मुलाखतीत कळलं तर मोबाईल आत नेण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी वकिलामार्फत न्यायालयात दोन मागण्यांचा अर्ज करावा: वैद्यकीय तपासणी व्हावी आणि अमुक तारखेचं, अमुक बराकीचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावं. अर्जात तारीख, वेळ आणि जागा जितकी नेमकी लिहाल तितकं बरं. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं, आणि महिनाभराने अर्ज केला तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता दाट असते.